पाहुण्यांसाठी राखलेली ज्वारी

"ठेव तो इळा खाली! एक ताटही कापू नको," रूपराव बांधावरूनच ओरडला.

कोकिळेनं मुठीत धरलेलं ज्वारीचं ताट सोडलं नाही. "काऊन? पोटऱ्यात आली हे ज्वारी. आता गोड हाये. ढोराच्या पोटात घालाची तं आताच."

"आपल्या रजतचं घर पाह्यले आंजीचे पोरीवाले येऊन राह्यले. रोडवरून आत शिरतील तं हे हिरवंगार रान दिसलं पाहिजे. म्हणतील, घरी काही हाये."

कोकिळेला हसावं की कपाळ बडवावं, कळेना. चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी, आणि गाईच्या आधी ती पाहुण्यांनी बघायची! गुडघाभर होती तेव्हाही तिनं कापायला काढली होती. तेव्हा रूपराव म्हणाला, कोवळ्या ज्वारीत विष असतं, खाल्ली तर किराळ लागून गाय मरेल. ते खरंच होतं, म्हणून ती गप्प बसली. आता ती भीती सरली, तर हे नवीन खूळ निघालं.

बरं, पाहुणे तरी लवकर यावेत? मध्येच पितृपक्ष लागला. पितरांच्या दिवसांत सोयरिकीचं बोलणं कोण करतं? आंजीहून निरोप आला, दसऱ्यानंतर येतो.

त्यांची गाय धवळी श्रावणात व्यायली होती. तिच्यापुढे रोज गेल्या सालचं सोयाबीनचं कुटार, मळणीतला भुसा, पडत होतं. फाटक्या ताडपत्रीखाली भिजून ते काळं पडलेलं. हात घातला की पांढरी बुरशी बोटांना चिकटायची आणि असा कुबट वास सुटायचा की कोकिळा पदर नाकाला लावायची. वरून थोडी सरकीची ढेप भुरभुरली की धवळी तेवढी ढेप चाटून घ्यायची आणि मान फिरवायची.

एका सकाळी कोकिळेनं मूठभर कुटार रूपरावच्या नाकाशीच नेलं. "घ्या, वास घ्या. हे तिनं खावं?"

रूपरावनं तोंड फिरवलं. "ढोरच तं हाये ते. भूक लागली का खाईल."

त्या दिवसापासून तिला नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढतानाही शिसारी येऊ लागली. दूध रोज कमी होत होतं. वासरू सडाला ढुशा देऊन थकायचं आणि तिथंच बसकण मारायचं. तिकडे ज्वारी मात्र निसवली, फुलली, दाण्यावर आली. खालची पानं करपली, ताटं काठीसारखी टणक झाली. तरी रूपराव रोज बांधावर उभा राहून खुशीत मान डोलवायचा.

दसरा झाला आणि आंजीहून पोरीचे वडील किशोरभाऊ बायकोला घेऊन आले. गाडीच्या काचा वर. गाडी सरळ अंगणात येऊन थांबली. ज्वारीकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.

"रजतचा शहरात, नालवाडीकडे प्लॉट घ्याचा इचार हाये का?" बसल्याबसल्या त्यांनी विचारलं. "आमच्या मयुरीले शेणामुताची सवय नाई. आधीच सांगतलेलं बरं."

"नाई नाई," रूपराव घाईनं म्हणाला. "ढोरं हायेत कुठं आता? एकच गाय हाये. काढून टाकू."

कोकिळेनं रजतकडे पाहिलं. तो मोबाईलवर अंगठा फिरवत होता. याच पोरानं धवळीच्या आईचं दूध पिऊन अंग धरलं होतं. तिला त्याचीही किळस आली, आणि आपल्याच पोराची किळस यावी म्हणून डोळे भरून आले.

तेवढ्यात किशोरभाऊंनी चहाचा घोट घेतला. "वा! घरच्या दुधाची गोष्टच अलग राह्यते."

"घरच्या गाईचंच हाये," रूपराव फुशारला.

"पाकिटाचं हाये," कोकिळा म्हणाली. "गाय आटली. तिचा चारा तुमाले दाखवाले राखला होता. तुमी पाह्यला का?"

किशोरभाऊंनी कप खाली ठेवला. कोकिळा उठली आणि शेतात गेली.

तिनं कवळाभर ज्वारी कापून धवळीपुढे आणून टाकली. गाईनं अधाशासारखं तोंड घातलं, शेंड्याची चार हिरवी पानं ओढली. मग एक ताट दाढेखाली धरून दोनदा मान झटकली आणि ते तसंच खाली टाकलं. दुसरं हुंगलं, तेही टाकलं.

कोकिळा तिच्यापुढे शेणातच बसली. लुगडं भरलं तर भरलं. तिनं एक ताट उचललं, दातांनी टणक साल सोलून थुंकली आणि आतला पांढरा गर धवळीच्या तोंडाशी धरला. धवळीनं तो चावला, गिळला, आणि मान पुढे केली.

"अवं, पाहुणे निघून राह्यले," रूपराव गोठ्याच्या दारातून दबक्या आवाजात म्हणाला. "सोयरीक मोडन ना! ये बाहेर, तोंडदेखलं काही बोलजो."

सालीनं कोकिळेचा ओठ कापला होता. "मले वेळ नाई," म्हणून तिनं पदरानं रक्त टिपलं आणि पुढचं ताट दातांत धरलं.