काळ्या रंगाखालचा टक्या

मी बोलतोय, गाडीखालून. कोण म्हणून काय विचारता? वाकून बघितलंत कधी? मागच्या उजव्या चाकापाशी, स्प्रिंगच्या शेजारी जी काळी नळी उभी आहे ना, तो मी. शॉक ॲब्सॉर्बर. एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड नसते, म्हणून गॅरेजमध्ये मला शॉकअप म्हणतात. या घरात मात्र माझं नाव टक्या.

गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग उड्या मारते. तिला काय जातंय उड्या मारायला! तिला आवरायचं काम माझं. माझ्या पोटात तेल असतं, त्यातून दांडी वरखाली होते आणि हादरा तिथंच जिरतो. वर बसलेल्याला काही कळत नाही. आणि जे कळत नाही त्याची कदर कोण करतो?

ही गाडी मोठी, उंच, सात जणांची. मी कारखान्यातून आलो तो थेट हिच्याच खाली. मालकाची आई नेहमी मागे उजवीकडे बसायची, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. एकदा मालकाने कोरड्या ओढ्यातून गाडी दामटली. आई ओरडत होती, "अरे, हळू!" ऐकेल तर शपथ. एक धोंडा उडाला आणि माझ्या पोटाला पोचा पडला. तेव्हापासून गाडी जोरात आपटली की दांडी त्या पोच्यापाशी अडते आणि 'टक्' असा आवाज येतो. आई हसायची. "बघ, तुला टक्या रागावला," म्हणायची. त्या घरात माझी दखल घेणारी ती एकटीच!

पुढे तेल अडवणारं माझं सील गेलं. तेल गळायला लागलं, गाडी बोटीसारखी डुलायला लागली. मालकाने काय केलं? रेडिओचा आवाज वाढवला.

मग आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, घरी नेताना एकही दणका बसता कामा नये, आत स्क्रू बसवलेत. तेव्हा कुठे साहेबांना आमची आठवण झाली! गाडी गॅरेजात आली आणि मला काढून कोपऱ्यातल्या भंगारात फेकलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझे दिवस भरलेच होते.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, कंपनीचे महाग वाटत असतील तर दुसऱ्या चांगल्या मेकचे घ्या. निम्म्यात येतील. पण खात्रीच्या दुकानातून, पावती घेऊन."

"गाडीच म्हातारी झालीय," मालक म्हणाला. "तिला कशाला एवढे लाड?"

अरे, लाड गाडीचे नव्हते! पण तेवढ्यात सोबत आलेला मेहुणा पुढे सरसावला. "दाजी, माझ्या ओळखीचा एक दुकानदार आहे, स्वस्तात देईल." झालं! ओळखीचा म्हटलं की माणसं डोळे मिटूनच घेतात.

इकडे मला भंगारवाल्याने उचललं आणि विकलं. कुणाला? त्याच ओळखीच्याला! त्याने माझ्या पोटाला भोक पाडलं, काकवीसारखं जाड तेल ओतलं, भोक वेल्डिंगने बुजवलं. पोच्यावर पुट्टी थापली, वरून काळाकुळकुळीत रंग मारला आणि मला चकचकीत खोक्यात घातलं. मेलेल्याला मुंडावळ्या बांधाव्यात तसा माझा थाट!

आणि दोन-चार दिवसांत दुकानात आलं कोण? माझाच मालक! त्याने मला हातात घेतलं. इतकी वर्षं त्याच्या घरच्यांचे हादरे मी खाल्ले, पण ओळख? छे! त्याने माझी दांडी दाबून बघितली. हलेना. खूष झाला. "वा! काय कडक आहे," म्हणाला. अरे शहाण्या, कडक म्हणजे चांगला असतो का? तुला शॉकअप हवाय की पहार?

मिस्त्रीने मला उलटसुलट करून पाहिलं. "पावती?" त्याने विचारलं. "ओळखीचा आहे हो तो," मालक म्हणाला. मिस्त्रीने ओठ आवळले, पाना उचलला आणि मला पुन्हा माझ्याच जुन्या जागी बसवलं. गिऱ्हाइकाशी कोण हुज्जत घालणार! त्याचाही मला तितकाच राग येतो.

आज आईला दवाखान्यातून घेतलं. उशा लावून तिच्या नेहमीच्या जागी बसवलं. "नवे कोरे शॉकअप टाकलेत, आई. पोटातलं पाणी हलणार नाही."

पहिलाच गतिरोधक आला. मी जीव तोडून दबायला बघितलं, पण ते जाड तेल मला दबू देईना. सगळा दणका तसाच वर गेला. आई किंचाळली. आणि पोच्यापाशी अडून मी म्हणालो, 'टक्'.

गाडी थांबली. आईने सीटची कड घट्ट धरली होती. दम खात ती म्हणाली, "अरे... हा तर आपला टक्या."

"काहीतरीच काय, आई! माझ्यासमोर खोक्यातून काढलाय."

"वाकून बघ."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो वाकला. पुट्टीची खपली निघाली होती, खाली माझा पोचा उघडा. त्याने अंगठा फिरवला. रंग त्याच्या हाताला लागला. तो तिथंच रस्त्यावर बसून राहिला. वरून आईचं कण्हणं आम्हा दोघांना ऐकू येत होतं.

आता अँब्युलन्स बोलावलीय. ती येईपर्यंत माझं एवढं ऐका. स्वस्त घ्या, खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. पण कुणाच्या पाठीखाली बसवताय ते आठवून घ्या. आणि मला काढाल तेव्हा नुसतं भंगारात टाकू नका. आधी करवतीने माझे दोन तुकडे करा. नाहीतर मला पुन्हा रंगवतील, पुन्हा खोक्यात घालतील, आणि उद्या आणखी कुणाची तरी आई माझ्या डोक्यावर येऊन बसेल.