ऑस्बर्टभाऊ कबरीपाशी आधी पोहोचले

संत योहान पळत पळत येशूच्या कबरीपाशी आधी पोहोचला, बाहेरच थांबला, आणि मागून आलेला संत पेत्र पहिल्यांदा आत शिरला, असं शुभवर्तमानात स्वच्छ लिहिलं आहे. त्यात बदल करता येत नाही. बदल करता येत नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे वेनबरीच्या आमच्या मठाची वहिवाट: ईस्टरच्या पहाटे हाच प्रसंग दाखवणाऱ्या खेळात एकदा मिळालेलं सोंग मरेपर्यंत ज्याचं त्याचं. या दोन गोष्टींच्या मधे ऑस्बर्टभाऊंचं पोट आलं.

ऑस्बर्टभाऊ आमचे कोठारी. योहानाचं सोंग मिळालं तेव्हा ते काटकुळे होते. योहानाला दाढी नव्हती आणि यांनाही नाही, एवढंच साम्य आता उरलेलं. ईस्टरआधीच्या लांबलचक उपवासात आम्ही सगळे खारवलेल्या हेरिंग माशांवर आणि वाटाण्यावर वाळलो. ते उपवासातही भरले. तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न. चाव्या त्यांच्याकडे होत्या.

पेत्र म्हणजे गॉड्रिकभाऊ. मठाच्या तळ्यातले मासे सांभाळतात आणि दिसतात त्याच तळ्यावरच्या बगळ्यासारखे. दरवर्षी हरायचं, तेही ऑस्बर्टभाऊंकडून, ही त्यांची तपश्चर्या.

मी मठाचा मुख्य गायक, म्हणून खेळही माझ्याच गळ्यात. मागच्या ईस्टरला शर्यत पाहताना खांबामागून कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि ते बिशपांच्या कानावर गेलं. यंदा त्यांचे तपासनीस स्वतः येऊन बसणार होते. आमचे मठाधिपती, फादर हेमो, यांनी मला बोलावून सांगितलं, "एडवी, या वेळी कोणी हसलं तर खेळ बंद. नुसती प्रार्थना होईल."

गावकरी वर्षभर चर्चमध्ये पेंगतात. माझी तक्रार नाही, मीही पेंगतो. पण त्या एका पहाटे सगळे जागे असतात. लॅटिन कोणाला कळत नाही, तरी मॉड दारूवालीसुद्धा ओळ न् ओळ तोंडपाठ म्हणते. ते बंद पडलं की मग मी गायचं कोणासाठी?

तालमीत मी गॉड्रिकभाऊंना म्हटलं, "जरा हळू पळा."

"हळू पळायचं म्हणजे काय रे? एक तर हळू, नाही तर पळायचं."

"पाय दुखतोय असं करा."

"पेत्राचा पाय दुखत होता असं कुठं लिहिलंय?"

ऑस्बर्टभाऊ खांबाला टेकून धापा टाकत होते. "गॉड्रिक, तू माझी काळजी सोड. मी निघालो की थांबत नसतो."

हे त्यांनी अगोदर सांगितलं होतं, ही गोष्ट नोंदवून ठेवतो.

तपासनीस येणार म्हणून फादर हेमोंनी चर्चमधलं जुनं गवत काढायला लावलं आणि नदीवरून ताजा लव्हाळा कापून आणून फरशीवर अंथरला. हिरवागार, दंव पडलेला, सुवासिक. तपासनीस नाकानं खूश झाले. त्यावरून पळायचं कोणाला आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सुरुवात झकास झाली. वेदीशेजारी लाकडी कबर, तिला बुटकं दार, आत देवदूत होऊन बसलेले लिओफभाऊ. तीन भाऊ डोक्यावरून फडकी घेऊन, हातात धूपदान धरून, तीन बायका होऊन आले. आतून सर्दीच्या आवाजात देवदूतानं लॅटिनमध्ये विचारलं, "कबरीत कोणाला शोधता?" बायका म्हणाल्या, "नाझरेथच्या येशूला." "तो इथे नाही, उठला आहे." चर्चमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. तपासनिसांनी मान डोलावली. मी देवाचे आभार मानले, जरा लवकरच.

मग दोघं शिष्य पळाले. गॉड्रिकभाऊ इतके संथ पळत होते की काहींना वाटलं ते प्रार्थना करताहेत. ऑस्बर्टभाऊ पुढे होते. कबरीपाशी त्यांनी थांबायला पाय रोवला. पाय रोवला गेला नाही. ओल्या लव्हाळ्यावरून ते तसेच, हात जोडलेले, चेहऱ्यावर भक्तिभाव, सरळ बुटक्या दारात गेले. अर्धे गेले.

आत अंधार झाला. लिओफभाऊ घाबरले. घाबरलेला माणूस पाठ असलेलं म्हणतो. आतून पुन्हा आवाज आला, "कबरीत कोणाला शोधता?"

"ऑस्बर्टला," मॉड म्हणाली. "पण सापडला हो तो."

अख्खं चर्च हसलं. एक बाई हसता हसता खाली बसली. फादर हेमो छताकडे पाहू लागले. तपासनिसांनी बाहीत तोंड लपवलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत असं मला वाटलं. मी तर रडायच्याच बेतात होतो.

डगमगले नाहीत ते गॉड्रिकभाऊ. आत पहिल्यांदा पेत्रानं जायचं असतं. त्यांनी ऑस्बर्टभाऊंचे पाय धरून त्यांना बाहेर ओढलं, बाजूला बसवलं, वाकून आत गेले आणि कबरीतलं रिकामं कफन घेऊन बाहेर आले. दोन्ही हातांनी ते उंच धरलं. हसू हळूहळू थांबलं. मी गाणं सुरू केलं, आणि हसून हसून छाती मोकळी झालेले ते लोक असे गायले की खिडक्या थरथरल्या. मॉडच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आधीचं होतं की नवं, तिलाच ठाऊक.

जेवणाच्या मेजावर उपवासानंतरचं पहिलं कोकरू आलं. मला घास उतरेना. तपासनीस बोटं चाटून म्हणाले, "चर्चमध्ये हसणं चालायचं नाही. खेळ इथे बंद."

मी मान खाली घातली.

"इथे म्हणजे आत," ते म्हणाले. "पण असं गाणं मी बिशपांच्या चर्चमध्येही ऐकलेलं नाही. पुढच्या वर्षी बाहेर अंगणात करा. उजेडात. आणि मधलं बोलणं लोकांच्या भाषेत होऊ द्या, ती मॉड तसंही बोलणारच आहे. मला पुढची जागा ठेवा."

मी दोन वाट्या कोकरू खाल्लं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावात पोहोचली आणि सुतारांचा पुढारी थर्स्टन मापाची दोरी घेऊन मठात, आमच्या रात्रीच्या जेवणाच्या मेजापाशी हजर. अंगणातली कबर सुतारच करणार, लोहारांनी मधे पडू नये, असं त्यानं आधीच जाहीर केलं. मग विचारलं, "दार किती रुंद ठेवू?"

सगळे ऑस्बर्टभाऊंकडे पाहत होते. सोंग सोडतो असं ते आता म्हणतील, या आशेनं गॉड्रिकभाऊ पुढे झुकले.

ऑस्बर्टभाऊंनी हाड खाली ठेवलं, हात पुसले आणि माप घेऊ देण्यासाठी उभे राहिले.

"जरा सैलच धर, बाबा," ते थर्स्टनला म्हणाले. "अजून वर्ष जायचंय."