जिन्याखालचा कट्टा

मित्रांनो, जिन्याखालच्या अंधारात जो हिरवा ठिपका लुकलुकतो ना, तो माझा. मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो, एक बाजू उघडीच असते. पण पोटात अख्खी वस्ती नांदते, म्हणून म्हातारपण फारसे जाणवत नाही.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मावशींनी टाकून दिलेल्या दोन संगणकांतून मला उभे केले आणि माझ्यावर इंटरनेटवरचा एक कट्टा थाटला. तिथे ना जाहिरात, ना वर्गणी. छत्र्या शिवणारे, नाटकाचे पडदे शिवणारे, गाद्या शिवणाऱ्या बाया आपापल्या यंत्रांची गाऱ्हाणी तिथे मांडत. मावशींचे पहिले उत्तर ठरलेले : "आधी तेल घाला." म्हणून सगळे त्यांना तेलवाल्या मावशीच म्हणत. कट्ट्याचा रिवाज एकच होता. यंत्र सुधारले की ते कसे सुधारले, हे विचारणाऱ्याने परत येऊन सांगायचे. तोवर प्रश्न मिटवायचा नाही.

पुढे मोठी समाजमाध्यमे आली. माणसे तिकडे गेली, मावशीही तिकडेच रमल्या. मी कोणाला दोष देत नाही, झगमगाटाकडे पाय वळतातच. माझ्यापाशी मात्र नुसती शांतता येऊन बसू लागली, आणि तिच्या अंगावरची धूळ माझ्या पंख्यावर उतरू लागली.

एके दिवशी मावशींच्या थोरल्या बहिणीने कंबर कसली. "हा डबा काढ इथून. नुसता वीज खातो आणि घोरतो, अगदी तुझ्या भावोजींसारखा! सुतार यायचाय. इथे चपलांचं कपाट होईल."

मावशी मला कायमचे बंद करायला बसल्या. एकेक प्रश्न मिटवत गेल्या आणि एकावर थबकल्या. एका गादीवालीचा धागा जाड शिवणीवर तुटत होता. मावशींनी आधी तेल सांगितले होते. मग पुन्हा विचार करून लिहिले होते की सुईखालची पट्टी काढा, भोकाच्या कडेवर नख फिरवून खरखर लागते का पाहा. त्यावर पुढे काहीच नव्हते.

"ताई, हिचं काय झालं ते कळलंच नाही गं."

"नवीन मशीन घेतलं असेल. तू कशाला झुरतेस?"

"मग तसं सांगून जाईल की. तोवर नाही बंद करायचं."

"सुतार येईपर्यंत थांबते. पुढे एक क्षण नाही."

मित्रांनो, जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

सुतार आला. तो जिन्याखाली टेप ताणत असतानाच गादीवालीचे शब्द माझ्यात उमटले. मावशींनी ते मोठ्याने वाचले :

"मावशी, तेल घालून फरक पडेना, म्हणून मशीन गुंडाळून ठेवलं होतं. परवा समाजमाध्यमावर विचारलं. ढीगभर अंगठे आले, नव्या मशीनच्या जाहिराती आल्या. उत्तर एकही नाही. संध्याकाळपर्यंत माझा प्रश्नच कुठे वाहून गेला. शोधता शोधता इथे माझाच जुना प्रश्न सापडला आणि खाली तुमचं दुसरं उत्तर. पट्टीच्या भोकाची कड खरंच खरखरीत झाली होती. बारीक सँडपेपरने घासली. आज पहिली गादी शिवली!"

सुतार टेप धरून तसाच उभा. "मापं घेऊ की नको?"

"घ्या," ताई पुटपुटल्या, "पण दाराबाहेरची. चपलांना काय, कुठेही झोप लागते."

गादीवालीने आपल्या ओळखीच्यांना सांगितले. पडदेवाले परतले, छत्रीवाले परतले. काही अगदी नवे हातही आले. एकदम गर्दी झाली नाही. पहाटेचा उजेड खोलीत शिरतो, तशी हळूहळू वस्ती भरली.

मागच्या आठवड्यात ताई ब्रश घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हा बंद कसा करायचा गं?"

मावशी धावतच आल्या. "कशाला?"

"पुसायला, दुसरं कशाला! नाकातोंडात धूळ गेलीय बिचाऱ्याच्या."

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत असे एखादे छोटे, बिनबाजारी ठिकाण असेल. तिथे अधूनमधून जा. जे ठाऊक आहे ते सावकाश लिहून ठेवा. उद्या कोणीतरी ते शोधत येईल. आणि त्या ठिकाणाला आसरा देणारे यंत्र कधी हाताशी आलेच, तर त्यावर प्रेमाने एक फुंकर घाला. आम्हाला तेवढी पुरते.