बोलत नाही ते नाही

पोखर्णीच्या भगवानरावांना आपल्याच अंगणात माणसं दिसायची. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी झालेला, समोरच्याचं तोंड ओळखू येत नव्हतं, ताटातली भाकरी चाचपून खावी लागे. ही माणसं मात्र लख्ख दिसायची. पटकेवाले पुरुष, बायका, कधी लेकरंसुद्धा, सगळी धुतल्या कपड्यांत. हौदाच्या कडेला बसून राहायची आणि चकार शब्द बोलायची नाहीत.

घाबरून त्यांनी बायकोला, सरजाबाईला सांगितलं. ती त्यांच्याहून जास्त घाबरली आणि शेजारणीपाशी बोलली. मग काय विचारता, दिवस मावळायच्या आत ‘भगवानरावाला बाहेरचं दिसायलंय’ ही बातमी गावभर झाली आणि लोक भिंतीवरून डोकावून म्हातारा बघू लागले. भगवानरावांना ते फार लागलं. तुझं तोंड दाखवू नको म्हणाले बायकोला. सरजाबाईने अबोला धरला आणि पाथरीला भावाकडे निघून गेली. अबोल्याचाही कायदा असतो. ज्याने तोडलं त्याने आधी बोलायचं.

परभणीच्या एका दवाखान्यात असल्याच रोग्यांवर संशोधन चाललं होतं. धम्मशीला तिथली समुपदेशक. नजर गेली की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढून दाखवतो. हे वेड नाही आणि बाधा तर मुळीच नाही, हे गावोगाव समजावून सांगायचं तिचं काम. डॉक्टरांनी दिलेली माहितीपुस्तिका चांगली जाडजूड होती. पण एवढं ऐकून घ्यायला माणूस थांबतो कुठे? म्हणून तिने सगळ्याची मिळून एक म्हण करून टाकली: बोलत नाही ते नाही. आपल्या या हुशारीचा तिला थोडा गर्वच होता, खोटं कशाला बोला.

भगवानरावांना तिने तेच शिकवलं. माणसं दिसली की डोळे मिटा, दम धरा, ती जातील. हात लावायला उठू नका, पडाल. आपण वेडे नाही हे ऐकून म्हातारा लहान मुलासारखा रडला. मग त्यांनी एवढंच विचारलं, की ह्या लोकांत सरजा दिसेल का. ओळखीचं माणूसही कधी कधी दिसतं, असं धम्मशीला जाता जाता सांगून गेली.

पुढच्या खेपेला ती दुपारची आली, तेव्हा सून रुख्मिणी शेताला निघाली होती. आत्याबाई परवाच माहेरून परत आल्यात, ती दारातच हळू आवाजात म्हणाली. दोघं अजून बोलत नाहीत, पण म्हाताऱ्यांच्या भांडणात आपण कशाला पडा, म्हणून ती गप्प होती. आत चुलीपाशी सरजाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. धम्मशीलेला बघून तिने नुसती मान हलवली.

भगवानराव बाजेवर बसले होते, खुशीत होते. पटकेवाले आता येत नाहीत म्हणाले. डोळे मिटले की जातात.

“आता एकच राह्यलीय, माय,” त्यांनी आवाज खाली आणला. “परवापासून सरजा दिसायलीय. तिथं, चुलीपाशी. डोळे मिटले तरी जात न्हाई. बाकीच्यांची तोंडं कशी लख्ख दिसायची, हिचंच तोंड दिसत न्हाई. पर बसायची ढब तिचीच हाय. लय वाटतं हाक मारावी. पर बोलत न्हाई ती. तुमीच सांगितलं ना, मंग म्या बी बोललो न्हाई.”

सुपाचा आवाज थांबला.

धम्मशीलेने वळून चुलीकडे बघितलं. खऱ्या माणसाचंच तोंड त्यांना दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणीत बसत नव्हतं म्हणून तिने ते गाळलं होतं. परवापासून हा माणूस जित्याजागत्या बायकोसमोर बसून ती जायची वाट बघत होता. आणि ती बिचारी, अजून राग गेला नाही यांचा, असं समजून ज्वारी पाखडत होती.

सरजाबाई उठली. अबोला, मान, कायदा, सगळं त्या सुपात टाकून ती बाजेपाशी आली.

“अवो,” ती म्हणाली, “मी हाय. आलेय मी.”

भगवानराव दचकले. त्यांनी चटकन दोन्ही हात काखेत घातले आणि तोंड धम्मशीलेच्या बाजूला फिरवलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

“माय, आता ती बोलायबी लागली.”

धम्मशीला गडबडीने म्हणाली की बाबा, मावशी खरंच आल्यात, मी बघतेय ना, मी सांगतेय. ते मान वाकडी करून तिच्या तोंडाच्या जागी कितीतरी वेळ बघत राहिले.

“तुमचं बी तोंड दिसत न्हाई,” ते हळूच म्हणाले. “अन् तुमी बी बोलायल्यात.”

मग तिनेच शिकवलं होतं तसे डोळे घट्ट मिटून, दम धरून, ते दोघी जायची वाट बघत बसले.