पाकिटातली चांदी

सडक अर्जुनीत केवळरामचं बी-बियाण्याचं दुकान होतं, पण त्याचा जीव अडकला होता स्मारक नाण्यांत. कुणाच्या जयंतीला, एखाद्या संस्थेच्या शताब्दीला सरकारी टांकसाळ जी चांदीची नाणी काढते, ती तो मागवायचा. ऑनलाइन नोंदणी गोंदियाचा मेहुणा भूपेंद्र करून द्यायचा. सीलबंद पाकिटं घरच्या लोखंडी कपाटात जायची.

"हे टीनासाठी हाये," केवळराम म्हणायचा. टीना त्याची एकुलती एक मुलगी.

रविवारी दुपारी तो पाकिटं पलंगावर मांडून बसायचा. बायको नंदाबाई समोर तांदूळ निवडायची. हे नाणं कधी निघालं, किती थोड्या लोकांना मिळालं, आता त्याचा भाव कसा चढून राहिला, सगळं तो सांगायचा. ती "हो का?" म्हणत ऐकायची.

टीनाला नागपूरला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला, तेव्हा त्यानं ठरवलं, आता विकायची. नागपुरात नाण्यांचं प्रदर्शन होतं. बापलेक पिशवी घेऊन गेले. व्यापाऱ्यानं एक पाकीट उलटसुलट पाहिलं, विचारून वरून बारीकसं चुंबक टेकवलं. नाणं पाकिटासकट उचललं गेलं.

"काका, चांदी चुंबकाला धरत नाही. हे लोखंड आहे, वर मुलामा. पाकीटही मागून उघडून चिकटवलंय."

दुसरं तसंच. तिसरंही. टीनानं बापाचा दंड धरला. "बाबा, चला."

परतीच्या बसमध्ये केवळरामनं भूपेंद्रला फोन लावला. आवाज चढला तशी माणसं वळून बघू लागली.

"भाऊजी, टांकसाळीतून खरेच आले होते," भूपेंद्र म्हणाला. "मंग कसे बदलले, थे ताईले विचारा." फोन बंद.

घरी नंदाबाईनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"भूपेंद्रचं दुकान बुडून राहिलं होतं," ती म्हणाली. "लोक दारात येऊन बसत. खरे नाने गहान टाकतो, मंग सोडवून आनतो, तवरिक हे खोटे ठेव म्हने. मीनंच चाबी देली."

"कवा?"

"टीना दहावीत होती तवा."

टीना आता बारावी झालेली. केवळराम खाटेवर बसला.

"मंग रविवारी मी सांगत बसायचो, तवा तू काऊन ऐकत होती?"

"तुमी खुश दिसत होते," ती म्हणाली आणि रडू लागली.

तो उठून दुकानात गेला. त्या रात्री तिथंच पोत्यांवर झोपला.

टीनाचं शिक्षण बँकेच्या कर्जावर सुरू झालं. दिवाळीला भूपेंद्र मिठाईचा डबा घेऊन आला, तर केवळरामनं त्याला ओसरीवरच थांबवलं.

"तू चोर निघाला, थे मले सोसते. माह्या बायकोले तुनं दर रविवारी माह्यासमोर खोटं वागाले लावलं, थे नाही सोसत. जाय."

नंदाबाई दारात उभी होती. भावाला तिनं थांबवलं नाही.

घर पूर्वीसारखं चाललं. केवळराम घरी जेवायचा, टीनाला फोन लावायचा, नंदाबाईच्या गुडघ्याचं औषध आठवणीनं आणायचा. मोबाइलवर नोंदणी कशी करायची, ते मात्र त्यानं टीनाकडून शिकून घेतलं होतं.

माघात एकदा ताट वाढताना नंदाबाईनं भीतभीत विचारलं, "नवीन नानं आलं का जी?"

"नाही," केवळराम म्हणाला.

पाकीट सकाळीच आलं होतं. त्यानं ते दुकानाच्या गल्ल्यात कुलूप लावून ठेवलं होतं.