चाकाच्या उड्या मी थांबवल्या

मी गाडीच्या पोटाखाली राहतो, म्हणून माझा आवाज तुम्ही आजवर ऐकला नसेल. आज ऐकाच. मी ट्रॅक्शन बार, म्हणजे साध्या भाषेत सव्वा मीटर लांबीचा एक लोखंडी दांडा. माझं मागचं टोक मागच्या एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, बांधलेलं आणि पुढचं चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. दिसायला मी काही देखणा नाही. पण रायपूरच्या अख्ख्या गुढियारी वस्तीत माझ्या तोडीचा दुसरा दांडा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. दांड्याला छाती कुठली, असं विचारू नका.

आधी मी बोअरच्या मशीनचा पाइप होतो. मशीन मोडीत निघालं आणि मी भंगारात पडलो. तिथून मला बाबारावांनी उचललं. बाबारावांचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले, आणि बाबारावांनीही चौतीस वर्षं मालगाडीचे डबे दुरुस्त करण्यात काढली. वेल्डरच होते ते. निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसवेना, म्हणून गुढियारीत पत्र्याची शेड टाकली. त्यांची एक सवय होती. काम संपलं की त्यावर हातोडी मारायची आणि कान लावायचा. जरा जरी काही हललं, खडखडलं, तर तोडून पुन्हा करायचं. घट्ट काम म्हणजे चांगलं काम, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं.

माझी गरज पडली ती त्यांच्या पुतणीमुळे. देवश्री नर्स आहे. एका संस्थेचा फिरता दवाखाना ती दर मंगळवारी गरियाबंदकडच्या जंगलातल्या एका वस्तीत नेते, आणि फोर बाय फोर पिकअप स्वतःच चालवते. वस्ती डोंगरावर आहे, तिला सगळे वरचा पारा, म्हणजे वरचा पाडा, म्हणतात. शेवटचा चढ सुट्या दगडांचा. तिथे ही गाडी हट्टाला पेटायची.

त्याचं कारण सांगतो. चढावर जोर दिला की चाक पुढे जायला बघतं आणि एक्सल उलट्या दिशेने पीळ खातो. त्याला धरायला असतात फक्त पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लवचिक पट्ट्या. ते वाकतात तेवढे वाकतात, मग चाकाची पकड सुटते, पाटे झटक्यात सरळ होतात, पुन्हा पकड, पुन्हा पीळ. मागची चाकं बेडकासारखी उड्या मारू लागतात. गाडी जागच्या जागी नाचते आणि शेवटी इंजिनाचा जोर चाकांना पोचवणाऱ्या शाफ्टचा जॉइंट तुटतो.

दोनदा तुटला. दुसऱ्या वेळी संस्थेने देवश्रीला स्पष्ट कळवलं: आणखी एकदा असं झालं, तर गाडी डोंगराखालीच थांबेल आणि पेशंट खाली उतरून येतील. वर नऊ महिने भरत आलेल्या बाया होत्या, दम लागणारे म्हातारे होते. देवश्री तशीच उठून शेडमध्ये आली.

"मोठेबाबा, इंजन में दम है, पर पीछे का चक्का कूदता है," ती म्हणाली. ही पोर मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते.

"कुदते म्हणजे त्याले धरणारं कोणी नाही," बाबाराव म्हणाले. "मी धरतो ना."

चार दिवसांत मी तयार झालो. मागे एक्सलवर दोन ठिकाणी पक्का, आणि पुढे चेसिसच्या आडव्या पट्टीला सरळ वेल्डिंग. हातोडी बसली, कान लागला. मी हूं की चूं केलं नाही. बाबाराव खूश, आणि मी तर त्यांच्याहून खूश.

नव्या रायपूरच्या पलीकडे खोदकामातल्या मातीचे ढिगारे पडलेत, तिथे आमची परीक्षा झाली. वजनासाठी गाडीत मागे वाळूची पोती होती. देवश्रीने मोबाइल चेसिसला टेपने चिकटवला, म्हणजे खालचं सगळं दिसेल. पहिला चढ गाडीने सरळ घेतला, एकही उडी नाही. दुसरा घेतला, तसाच. मला वाटलं, जग जिंकलं. मग एक खड्डा आला, गाडी त्यात आदळली आणि माझ्या पुढच्या टोकाशी कडाड आवाज झाला.

व्हिडिओत सगळं दिसत होतं. पाटे दबले की एक्सल वर जाताना थोडा मागेही सरकतो. मी त्याला सरकू देत नव्हतो. शेवटी ज्या पट्टीला मला जोडलं होतं, तीच वाकली.

"वेल्डिंगचा टाका तं नाही सुटला," बाबाराव म्हणाले.

"टाका नहीं छूटा मोठेबाबा, चेसिस की पट्टी मुड़ गई. इसको आगे से थोड़ा झूलने दो ना."

"माह्या हातचं काम झुलत नाही. झुलतं पाहिजे असन तर दुसरं दुकान पाह्य."

देवश्रीचे डोळे भरून आले. मंगळवारला पाचच दिवस उरले होते.

खरं सांगायचं तर मी बाबारावांच्याच बाजूचा होतो. धरायचं म्हणजे तसूभरही हलू द्यायचं नाही, अशीच माझी समजूत. दोन दिवस गाडी शेडमध्ये उभी होती आणि बाबाराव तिच्याकडे पाठ करून गेटच्या जाळ्या जोडत होते. तिसऱ्या सकाळी शांताबाई, त्यांची बायको, चहा घेऊन आल्या.

"काहून तोंड पाडून बसले? पोट्टीनं काही चुकीचं सांगितलं का?"

बाबारावांनी अर्धा चहा संपवला. मग म्हणाले, "चुकीचं नाही सांगितलं, तेच तं."

कप ठेवून ते उठले आणि ग्राइंडर हातात घेतला. स्वतःचाच टाका कापायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढा माझ्या जन्मालाही लागला नसेल. वाकलेली पट्टी बदलली. माझं पुढचं टोक आता तिला चिकटवलं नाही. बोल्ट आणि बुश, म्हणजे रबराची जाड नळी, घालून दोन छोट्या पट्ट्या तिथे लोंबत्या ठेवल्या आणि त्यात मला अडकवलं. आता मी पीळ धरणार होतो, पण एक्सल मागेपुढे झाला तर त्याच्यासोबत झुलणारही होतो.

काम संपलं. सवयीने हातोडी पडली आणि मी खडखडलो. बाबारावांनी पाना उचलला, बोल्टला लावला, आणि हात तिथेच थांबला. मग पाना खोक्यात टाकून हात धुवायला गेले. त्या माणसाचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःचाही कधी वाटला नाही.

मंगळवारी ते देवश्रीशेजारी बसून स्वतः आले. चढ सुरू झाला, दगड निसटू लागले, एक्सलने पीळ घेतला आणि मी त्याला धरलं. खड्डा आला, एक्सल मागे सरकला, मी झुललो. चाकं जमिनीला चिकटून वर गेली. शेवटच्या वळणावर देवश्रीने मोठेबाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वर गाडी थांबते न थांबते तोच बाबाराव उतरून खाली सरपटत शिरले. जॉइंट चाचपला, टाके चाचपले. रांगेतल्या एका म्हातारीने वाकून विचारलं, "का होगे बबा, गाड़ी बिगड़ गे का?"

"नहीं बिगड़ी, दाई," ते माझ्यावर हात ठेवून म्हणाले. "अच्छी है, वही देख रहा हूँ."

याला आता सव्वा वर्ष झालं. अंगावर चिखलाचे थर बसलेत, कडांना गंज चढलाय, बुश एकदा बदलून झालाय. माझं एकच मागणं आहे: कोणी नवा मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि माझा खडखडाट ऐकून त्याचे हात शिवशिवले, तर त्याने मला घट्ट करू नये. बाकी मला काही नको. मी त्या चढावर जाऊ लागल्यापासून वरच्या पाऱ्यातल्या एकाही बाईला औषधासाठी डोंगर उतरावा लागलेला नाही.