चौक मोकळा झाला तेव्हा

जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याकडून येणारा रस्ता जिथे जुन्या दगडी कमानीला वळसा घालायचा, त्या कमानी चौकात विष्णुपंत आणि वसुधाबाईंची एकुलती एक मुलगी नेहा गेली. अकरावीत होती. ट्यूशनहून सायकलने घरी येत होती. मागून मिनीबस आली, सायकल डिव्हायडरच्या टोकाशी चेपली, आणि कापडाच्या दुकानांतून लोक धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

वसुधाबाईंनी आपलं दुःख घरात ठेवलं. विष्णुपंतांनी ते चौकात नेलं. बँक सुटली की ते तिथे हजर. कमान पाडून रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यांशी भांडायचे, पार्किंग वाढवा म्हणणाऱ्यांशीही भांडायचे. "भैया, आदमी के चलने की भी जगह छोड़ोगे कि नहीं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काही दुकानदार त्यांना पाहून हसत, काही बोलावून चहा पाजत. सभा कुठलीही असो, विष्णुपंत पहिल्या रांगेत. नेहाचं नाव मात्र त्यांनी एकाही सभेत घेतलं नाही.

वसुधाबाई भाजीला निघाल्या की वाट वाकडी करून चौकातून जायच्या. डिव्हायडरच्या टोकाशी, विजेच्या खांबाजवळ जरा थांबायच्या. पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बाई दमल्या. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

चौकातून गाड्या काढून तो चालणाऱ्यांना द्यायचा, असं शेवटी ठरलं. तोवर विष्णुपंतांना विसर पडायला लागला होता. आराखडा करणारा अनिमेष नोकरीसाठी पुण्याहून जबलपूरला आला होता. त्या काकांना विचारल्याशिवाय काही करू नका, असं दुकानदारांनी त्याला बजावलं होतं, म्हणून तो घरी आला. त्यानं नकाशा टीपॉयवर पसरला. विष्णुपंत बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले, मग कौतुकानं म्हणाले, "छान आहे. कोणतं गाव हे?"

वसुधाबाई चहा करायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चौक खुला झाला त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि हाताला धरून नेलं. कमान धुऊन काढली होती. डिव्हायडर, खांब, पानाची टपरी, सगळं हटवलं होतं. या दुकानापासून त्या दुकानापर्यंत एकसारखी फरसबंदी, बाकं, आणि माणसंच माणसं. चौकाच्या तोंडाशी, गल्ली संपली तिथे विष्णुपंत थांबले.

"काहून थांबलात? चला ना."

"थांब. गाड्या जाऊन राहिल्या."

"कुठे आहेत गाड्या? बंद केल्या ना. तुम्हीच तर मागत होता."

त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि बायकोचा हात आणखी आवळला. "नेहाची ट्यूशन सुटली असेल. तिला एकटीला येऊ देऊ नको."

तेवढ्यात अनिमेष आला. त्यानं विष्णुपंतांना कडेच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही फिरून या. मी बसतो काकांजवळ."

त्या एकट्याच आत गेल्या. खांब कुठे होता? कमानीच्या या अंगाला, की जरा पुढे? त्यांनी साडीच्या दुकानाची पाटी पाहून अंदाज घेतला, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. सगळा दगड सारखाच. एका मुलीनं विचारलं, "आंटी, कुछ गिर गया क्या?" वसुधाबाईंनी मान हलवली आणि परत फिरल्या.

"डिव्हायडरचं टोक कुठे होतं रे?" त्यांनी अनिमेषला विचारलं.

त्यानं मोबाईलवर जुना नकाशा काढला, डोळे बारीक करून अंदाज घेतला. "ती दोघं कुल्फी खात उभी आहेत ना? तिथेच. का हो काकू?"

"आमची मुलगी गेली तिथे."

अनिमेषनं मोबाईल खाली घेतला. "मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी तिथे एक वेगळा दगड बसवतो. तिच्या नावाचा."

"नको. लोकांचे पाय पडतील." वसुधाबाई त्या दोघांकडे पाहत होत्या. मुलाच्या मनगटावरून कुल्फी ओघळत होती आणि मुलगी खदखदून हसत होती. "राहू दे असाच. चांगला केलास चौक. यांना कळत असतं तर यांनी पाठ थोपटली असती तुझी."

विष्णुपंत काही केल्या चौक ओलांडेनात, म्हणून दोघं मागच्या गल्लीनं निघाली. भिंतीकडेनं, हळूहळू.

"ती पोरगी आली नाही," विष्णुपंत म्हणाले.

आजवर वसुधाबाई 'येईल' म्हणून वेळ मारून नेत. आज त्यांच्यानं ते झालं नाही. "नाही येणार ती. गेली ती. खूप वर्षं झाली."

विष्णुपंत थांबले. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं, पण फार मायेनं.

"अरेरे," ते म्हणाले. "तुमची कोण होती?"

"मुलगी," वसुधाबाई म्हणाल्या.

विष्णुपंतांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते त्यांची समजूत घालू लागले. वसुधाबाई गल्लीत भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.